पिंगियाचं पैठण



आजचं वाचन सुत्तनिपातातला शेवटचा भाग, पारायनवग्ग. गेल्या रविवारी काष्टीहून नगर, शेवगाव करत पैठणला जाऊन आलो आणि या वग्गाची गोष्ट तर आपल्या गोदावरीकाठीच सुरू होते, म्हणून हाच घेतोय.

पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पालीत पतिट्ठान. तिथे राजवाडा किंवा मोठा स्तूप शोधायला गेलात तर हिरमोड होईल. जुनं शहर मातीच्या टेकाडाखाली आहे, वर गवत आणि खापराचे तुकडे. तसे सातवाहन राजे काही निव्वळ बौद्ध नव्हते. नाणेघाटच्या लेखात त्यांच्या यज्ञांची यादी आहे आणि नाशिकच्या लेण्यांत त्यांनीच भिक्खूंना दिलेल्या जमिनीची नोंद. पण पैठणच्या साध्या माणसांचा धम्म बघायचा असेल तर कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जा. तिथे खांबावर पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचं नाव दाता म्हणून कोरलंय. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. दोन हजार वर्षांपूर्वीचा दुकानदार, आणि नाव अजून वाचता येतं! आमचे सर्व्हरचे लॉग तीन महिन्यांत पुसले जातात.

आता वग्गाकडे. गोदावरीकाठी बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण राहायचा. आपल्या मनातल्या भीतीचं उत्तर बुद्धच देतील म्हणून त्याने सोळा शिष्य पाठवले. त्यांची वाट सुत्तात दिलीय: पतिट्ठान, महिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी आणि शेवटी मगधात, राजगहाच्या बाजूला. पैठण ते राजगीर मॅपवर टाकून बघा, हजार किलोमीटरच्या वर जातं. आणि ही मंडळी सावत्थीचा वळसा घालून गेली.

त्या सोळांत पिंगिय सगळ्यात शेवटी विचारतो. तो म्हातारा झालाय. नीट दिसत नाही, ऐकू येत नाही. अज्ञानातच मरण येऊ नये, एवढंच त्याचं मागणं. बुद्ध त्याला तृष्णा सोडायला सांगतात.

पुढे पिंगिय परत गोदावरीकाठी येतो आणि बावरी त्याला विचारतो, असा शास्ता भेटला तर त्याच्यापासून क्षणभर तरी दूर का राहतोस? मला हा प्रश्न टोचतो. आपण पुण्या-मुंबईत बसून दीक्षाभूमी, बोधगयेचे प्लॅन पुढे ढकलत असतो ना, त्यांना तो थेट लागतो. पिंगिय म्हणतो, मी दूर नाहीच. शरीर थकलंय, ते तिथे जात नाही. मन मात्र रात्रंदिवस तिथेच आहे, डोळ्यांनी बघावं तसं मी त्यांना मनाने बघतो.

माझ्या आजीचे गुडघे गेलेत, ती काष्टीतच असते. पैठणचे फोटो बघून म्हणाली, "एवढ्या ढेकळांसाठी गेला व्हतास व्हय?" मग तिला पिंगिय वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "त्याला बी नीट दिसत नव्हतं का रं?"

वग्गाच्या शेवटी खुद्द बुद्धांची वाणी पिंगियापर्यंत पोचते: वक्कली जसा श्रद्धेने मुक्त झाला, तसा तूही मृत्यूच्या पलीकडे जाशील. आज हा शेवटचा भागच वाचा, सावकाश, जमलं तर घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसासमोर मोठ्याने.

उद्या मोघराजाचा प्रश्न घेऊ.