वाकायचे कोणी?



गेल्या वर्षीच्या पवित्र गुरुवारची एक गोष्ट आमच्या मनाला अजून टोचते आहे. पाय धुण्याच्या विधीसाठी बारा जणांची नावे ठरवताना आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका वयस्कर काकांना विचारले. रेल्वेच्या नोकरीत सारे आयुष्य गेलेले, रविवारचा मिस्सा सहसा न चुकवणारे असे हे गृहस्थ. "नको फादर, दुसऱ्या कुणाला घ्या," एवढेच ते म्हणाले. आम्हीही फार आग्रह केला नाही. यादी पुरी करायची घाई होती. एका तरुणाचे नाव घातले आणि मोकळे झालो.

खरे कारण कित्येक महिन्यांनी कळले. काकांना वाकता येत नव्हते. त्यांच्या बुटाची नाडी सकाळी सूनबाई बांधून देत आणि संध्याकाळी नातू सोडत असे. चारचौघांत वेदीसमोर बसावे आणि आपला बूट दुसऱ्याने काढावा, याची त्यांना लाज वाटली होती. ज्या विधीत प्रभू येशू शिष्यांच्या पायांशी बसला त्याची आपण आठवण करतो, त्याच विधीतून एक माणूस बुटाच्या नाडीपायी बाहेर राहिला आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

परवा काका भेटायला आले ते नवे बूट घालून. पुण्याच्या लेकीने पाठवलेले. टाचेचा भाग असा केलेला की पाय वरून सरकवला की तो दबतो आणि पाय आत गेला की पुन्हा उभा राहतो. काढताना दुसऱ्या पायाने टाच दाबून धरायची, की झाले. हाताचे काम नाही, वाकायचे काम नाही. काकांनी दोन-तीन वेळा बूट काढून-घालून दाखवले. चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता. जाताना म्हणाले, "आता मला कुणाची गरज नाही, फादर."

आम्हाला आनंद झाला, पण ते शेवटचे वाक्य मनात राहिले. कुणाची गरज न उरणे ही चांगली गोष्ट आहे का? आणि वाकावे लागू नये म्हणून केलेल्या वस्तूंनी माणसाचे भले होते की काही हरवते? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू या.

न वाकता घालायचे पादत्राण आपल्याकडे नवे नाही. खडावांना बंद नसतो. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये खुंटी धरली की माणूस चालू लागतो. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. तिच्यातही पादुकाच असतात. आणि आपली रोजची अंगठ्याची चप्पल तरी काय आहे? आपण घरात शिरताना, शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर, दिवसातून दहा वेळा पायातले काढतो. तेव्हा नाडीच्या बुटाने आपले भागलेच नसते. आपल्या घरांच्या रीतीतूनच न वाकता निघणारी चप्पल रुळली.

अडचण येते ती उतारवयात. पायाच्या बोटांची पकड सुटते आणि चप्पल निसटते. मधुमेहाने तळपाय बधिर झाला असेल तर चप्पल पायातून गळून पडली हेही कळत नाही, आणि मे महिन्यातल्या आपल्या खानदेशी उन्हात तापलेल्या फरशीवर पाय भाजून निघतो. म्हणून डॉक्टर सांगतात की मागून बंद असलेले पादत्राण वापरा. पण मागून बंद म्हटले की पट्टा आला, नाडी आली. पाय सांभाळणारा बूट हात मागतो आणि हात पायापर्यंत पोचत नाही. काका याच कोंडीत सापडले होते.

अमेरिकेत मॅथ्यू वॉल्झर नावाचा एक मुलगा याच कोंडीत होता. त्याला सेरेब्रल पाल्सी असल्याने दोन्ही हातांनी नाडी बांधता येत नसे. २०१२ साली, सोळा वर्षांचा असताना, त्याने नाइके या बुटांच्या कंपनीला जाहीर पत्र लिहिले. कॉलेजात जायचे आहे, पण रोज माझ्या बुटाची नाडी बांधायला कोण येणार, असा त्याचा साधा प्रश्न होता. कंपनीने तो मनावर घेतला. २०१५ साली चेनने उघडणारा बूट बाजारात आला आणि २०२१ साली हात न लावता घालता येईल असा, मधून उघडून मिटणारा बूट आला. किंमत १२० डॉलर. पुढे मात्र वेगळेच घडले. हौशी लोकांनी आणि चढ्या भावाने विकणाऱ्यांनी ते बूट उचलले आणि ज्यांच्यासाठी ते काढले होते त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती ते लागले नाहीत. ज्याला वाकता येत नाही त्याची वस्तू, ज्याला वाकता येते त्याची चैन झाली. बूट चांगलाच होता. तो आधी कोणाला मिळावा, हे विचारायचे राहून गेले.

काकांच्या बुटांविषयी बोलणे निघाले तेव्हा एक जण म्हणाला, "आता लोकांना वाकायचासुद्धा कंटाळा!" हा आक्षेप आपण नीट तपासू या. आपल्याकडे न वाकणाऱ्या कमरा कोणाच्या आहेत? पावसाळ्यात कपाशीच्या ओळीत निंदणी करणाऱ्या आणि दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बायांच्या. कोयता घेऊन उसाच्या फडात सहा-सहा महिने राबणाऱ्यांच्या. धुळ्याकडच्या एका मावशी आम्हाला म्हणाल्या होत्या, "माले आते वाकता येत नही, फादर." त्यांचे सारे आयुष्य वाकण्यात गेले होते. आपल्या अंगावरचा कपडा आणि चहातली साखर अशा माणसांच्या वाकण्यातून आली आहे. त्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे?

वाकणे म्हणजे नम्रता असेही आपण सहज धरून चालतो. पण संत थॉमस अक्विनस शिकवतात की नम्रता मुख्यतः अंतःकरणात असते आणि बाहेरची खूण ढोंगाचीही असू शकते. निवडणुकीत हात जोडून कमरेत वाकणारे आपण पाहतोच. उलट, ज्याला दुखणे किंवा वय आड येते त्याने मिस्सात गुडघे टेकले नाहीत तरी चालते, अशी मोकळीक आपली धर्ममाता ख्रिस्तसभा देते. मागच्या बाकावर बसूनच डोळे मिटणाऱ्या आजीची भक्ती त्यामुळे कमी ठरत नाही.

याचे फार सुंदर उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले आहे. २०१३ साली पोप झाल्यावर थोड्याच दिवसांनी पोप फ्रान्सिस रोममधील कासाल देल मार्मो या तरुण कैद्यांच्या तुरुंगात गेले, जमिनीवर गुडघे टेकले आणि बारा जणांचे पाय धुतले. पुढे त्यांचे गुडघे थकले. २०२४ च्या पवित्र गुरुवारी रेबिबिया येथील स्त्रियांच्या तुरुंगात ते चाकांच्या खुर्चीवर होते. तेव्हा बारा कैदी भगिनींना उंच चौथऱ्यावर बसवण्यात आले आणि पोप महोदयांनी खुर्चीत बसूनच त्यांचे पाय धुतले, त्यांचे चुंबन घेतले. तो चौथरा काकांच्या बुटासारखाच होता. त्याने वाकणे वाचवले, सेवा वाचवली नाही. २०२५ च्या पवित्र गुरुवारी तर त्यांना पाय धुणेही शक्य नव्हते. तरीही ते रेजिना चेली तुरुंगात कैद्यांजवळ गेले. चार दिवसांनी त्यांनी देह ठेवला.

तेव्हा ज्याचे शरीर थकले आहे त्याने न वाकता घालायचे बूट खुशाल घालावेत. त्यात कमीपणा नाही. काठी, चष्मा, कवळी जशी, तसेच हे.

पण काकांचे ते वाक्य? "कुणाची गरज नाही." त्यामागचे दुःख आम्हाला समजते. रोज सकाळी सुनेची वाट पाहत पाय पुढे करून बसणे हे स्वाभिमानी माणसाला जड जाते. त्या जाचातून सुटका झाली, हे चांगलेच झाले. तरीही दुसऱ्याने आपल्यासाठी वाकणे हा नेहमी आपला अपमानच असतो का? शेवटच्या भोजनाच्या रात्री संत पेत्रानेही पाय मागे घेतले होते. प्रभूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसवेना. धुवून घेतल्याशिवाय माझ्याबरोबर तुला वाटा नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे तिबिर्या सरोवराच्या काठी याच पेत्राला प्रभूने सांगितले की म्हातारपणी तू हात पसरशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर कसेल. हा इशारा पेत्राच्या मरणाविषयी होता असे शुभवर्तमानकार सांगतो. पण घरात म्हातारपण पाहिलेल्या प्रत्येकाला त्यात आपले घर दिसेल. सेवा करणे अवघड आहे, आणि सेवा करून घेणे त्याहून अवघड आहे.

आता ज्यांची कंबर धड आहे त्यांच्याविषयी, म्हणजे आमच्याविषयी आणि तुमच्यापैकी पुष्कळांविषयी. स्नानसंस्कारक योहान म्हणतो की येणाऱ्याच्या वहाणांचा बंद सोडायलाही मी पात्र नाही. त्यात वाकून हा शब्द चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या संत मार्कने लिहिला आहे. यहुदी शास्त्र्यांच्या परंपरेत शिष्याने गुरूची सारी सेवा करावी, पण वहाण सोडणे हे गुलामाचे काम मानत. योहान त्याच कामाचे नाव घेतो, आणि तेही आपल्या योग्यतेबाहेरचे आहे म्हणतो. तो स्वतःच्या वहाणेविषयी बोलत नाही. दुसऱ्याच्या वहाणेसाठी वाकण्याविषयी बोलतो. हा भेद लक्षात ठेवला तर आपला प्रश्न सुटतो. स्वतःच्या पायासाठी वाकायचे बुटाने टाळले तर बिघडत नाही. दुसऱ्याच्या पायासाठी वाकायचे त्या बुटाच्या निमित्ताने टळले, तर मात्र बिघडते. "बाबांना बूट आणून दिलेत, आता त्यांचे ते बघतील," असे म्हणून आपण खोलीचे दार ओढून घेतो, तेव्हा चूक बुटाची नसते.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. मधुमेह असलेल्याने तळपाय रोज पाहावा, असे डॉक्टर सांगतात. बधिर पायाला खडा रुतलेला कळत नाही, फोड कळत नाही, आणि लहानशी जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. पण ज्याला वाकता येत नाही त्याला स्वतःचा तळपाय दिसणार कसा? हे काम कोणताही बूट करत नाही. तिथे घरातल्या कोणीतरी खाली बसायला हवे, पाय मांडीवर घ्यायला हवा, बोटांमधली जागाही पाहायला हवी. दोन मिनिटांचे काम आहे. आज घरी गेल्यावर करून पाहा.

आपल्या चर्चच्या दाराशी हाताला आधार असलेले एक बाकडे ठेवायचे आम्ही ठरवले आहे, म्हणजे पायातले काढताना कोणाला भिंत धरावी लागणार नाही. आणि येत्या पवित्र गुरुवारसाठी आम्ही काकांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा विचारणार आहोत. या वेळी घाई करणार नाही. नवे बूट घालून या, असे सांगू. ते स्वतःच काढायचे म्हणाले तर तसे. आणि जुने नाडीचे घालून आले, तर नाडी आम्ही सोडू.

आपला,
धर्मगुरू