परग्रहाची वानगी

आमच्या घरी देवघराच्या खालच्या फळीवर, जुनी पंचांगे आणि कापराची डबी यांच्यामागे, तांब्याचा एक लहानसा गडू असे. माझ्या पणजोबांनी काशीयात्रेहून परतताना असे सात गडू आणले होते, गावी आल्यावर रीतसर मावंदे घातले होते, आणि डाख लावून तोंड बंद केलेल्या त्या सात गडूंपैकी सहा, घरातल्या सहा माणसांच्या अखेरच्या घटकेला, ज्याच्या त्याच्या वेळी फुटले होते. उरलेला सातवा आम्ही मुले चोरून कानाशी नेऊन हलवत असू. आत पाणी डचमळल्याचा बारीकसा आवाज येई आणि पाठोपाठ आजीचा धपाटा बसे. ते पाणी कोणत्या घाटावरचे, कोणत्या ऋतूतले, मधल्या धारेतले की काठचे, हे मात्र घरात कोणी कधी विचारले नाही, आणि विचारण्याचे प्रयोजनही नव्हते; कारण श्रद्धेच्या व्यवहारात अंशाने अंशीविषयी साक्ष द्यायची नसते, तो अंशीच असतो, आणि म्हणून गडूत जी होती ती सगळी गंगा होती.

त्याच घरापासून फर्लांगभर अंतरावर बाजारपेठ होती आणि तेथे अंशाची प्रतिष्ठा निराळ्या प्रकारची होती. अडत्या गोणीत टोकदार पन्हळी नळी खुपसून मूठभर ज्वारी बाहेर काढी, तळहातावर पसरी, फुंकर घाली, एखादा दाणा दाताखाली धरी, आणि मग साऱ्या गोण्यांचा भाव बोले. या मूठभर धान्याला आपल्या भाषेत वानगी म्हणतात. ‘वानगीदाखल’ हा शब्द आपण व्याख्यानांतून इतका सैल हाताने वापरतो की त्याच्यामागची ती तळहातावरची ज्वारी आपल्या ध्यानातही राहिलेली नाही. वानगीला कोणी नमस्कार करीत नाही. तिची जबानी घ्यायची असते, आणि जबानी म्हटली की उलटतपासणी ओघाने आलीच.

अन्य जगांतून माती आणण्याच्या ज्या मोहिमा आजवर झाल्या आणि पुढे योजिल्या जात आहेत, त्यांच्याविषयी वाचताना हा गडू आणि ही ज्वारी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. अपोलोच्या सहा अवतरणांतून चंद्राची 382 किलो माती आणि दगड आले. रशियाच्या तीन यांत्रिक लूना यानांनी मिळून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास आणली. चीनने 2020 आणि 2024 साली प्रत्येकी पावणेदोन-दोन किलोच्या घरात आणली. जपानने र्‍यूगू या लघुग्रहावरून 5.4 ग्रॅम आणि अमेरिकेने बेन्नूवरून 121.6 ग्रॅम आणले. र्‍यूगूची सारी प्राप्ती चहाच्या एका चमच्यात मावेल. एवढ्याशा ऐवजावरून एका सबंध जगाविषयी, त्याच्या जन्माविषयी आणि वयाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या प्रमाणाने प्राप्त होतो, हा प्रश्न वरकरणी भूशास्त्राचा दिसला तरी मुळात तो आपल्या नैयायिकांच्या अंगणातला आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक असते, आणि शास्त्रकारांनी याच अनुभवाला स्थालीपुलाकन्याय असे भारदस्त नाव दिले आहे. उपनिषदात उद्दालकाने आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीच्या एका गोळ्यावरून सर्व मृण्मय जाणता येते असे सांगितले, त्यातही हाच विश्वास आहे. हा विश्वास किती दूरवर पोहोचू शकतो याचे जे उदाहरण मला सर्वांत मनोहर वाटते ते पहिल्याच चांद्रमोहिमेतले आहे. जुलै 1969 मध्ये शांतिसागराच्या मैदानात दगडांची पेटी मिटण्यापूर्वी ती जरा रिकामीच दिसते असे आर्मस्ट्राँगला वाटले, आणि पोकळी भरून काढावी म्हणून त्याने काही फावडी माती तीत लोटली. पुढे त्या काळपट मातीत संशोधकांना अगदी थोडे, पांढुरके, कणीएवढे तुकडे आढळले. ते त्या मैदानाचे नव्हतेच. दूरच्या उंच प्रदेशावर उल्का आदळून उडालेले ते आगंतुक होते. जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कण्यांवरून असे अनुमान बांधले की, एके काळी सारा चंद्र वरून वितळलेला होता, आणि दुधावर साय धरावी तसे हलके पांढरे खनिज त्या तप्त सागरावर तरंगून थिजले व त्याचेच कवच बनले. कण्यांवरून महासागर! प्रथमदर्शनी हे धाडस अविचारी वाटावे. परंतु ऑगस्ट 2023 मध्ये चांद्रयान-3 दक्षिणेकडील उंच प्रदेशात उतरले, प्रज्ञानने शंभर मीटरच्या फेरफटक्यात 23 ठिकाणी माती तपासली, आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी पुढल्या वर्षी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते त्या जुन्या अनुमानाला पुष्टी देणारेच निघाले. शीत खरे बोलले होते.

तथापि याच चंद्राने दुसऱ्या एका बाबतीत आपली चांगलीच फसगत केली, आणि या फसगतीतून शिकण्यासारखे अधिक आहे असे मला वाटते. शितावरून भात कळतो तो एका अटीवर: सारी शिते एकाच भांड्यात, एकाच आधणात आणि एकाच आचेवर शिजलेली हवीत. भांड्याच्या तळाशी भात करपला असेल तर वरचे शीत त्याची वार्ता देत नाही. अपोलोची सहाही याने चंद्राच्या पृथ्वीकडे वळलेल्या बाजूवर उतरली, कारण संदेशवहन, प्रकाश आणि इंधन यांचा हिशेब तेथेच जमत होता. त्या दगडांत पोटॅशियम, फॉस्फरस, थोरियम असे जे द्रव्य वारंवार भेटले ते चंद्रभर पसरलेले असावे असा समज होण्यास त्यामुळे वाव मिळाला. 1998 साली लूनर प्रॉस्पेक्टरने कक्षेतून थोरियमची मोजदाद केली तेव्हा कळले की ते पुष्कळसे एकाच प्रदेशात एकवटलेले आहे, आणि मनुष्य नेमका त्याच प्रदेशात व त्याच्या शेजारपाजारी उतरला होता.

नैयायिकांनी या दोषाला ‘उपाधि’ म्हटले आहे. जेथे अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्याला ते विचारतात की बाबा रे, तुझ्या साऱ्या अनुभवात लाकूड ओले होते ना? ओले इंधन ही न सांगितलेली अट आहे, आणि तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. चंद्राच्या बाबतीत ‘जेथे सुखाने उतरता येते तेथले’ हीच न सांगितलेली अट होती. चीनच्या चांग-ए-6 ने 2024 साली पलीकडच्या बाजूची माती प्रथमच आणली तिचे मोल याच कारणास्तव आहे. पुढल्या मोहिमांचे नकाशे आखणाऱ्यांनी यानाची सोय आधी आणि प्रश्न मागून असा क्रम ठेवला, तर आणलेली माती कितीही निर्मळ असली तरी तिचा पंचनामा अपुराच राहील.

मंगळाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण तेथे आपण केवळ दगड शोधीत नाही. दुसऱ्या जगातून काही उचलणे ही चोरी ठरते काय, असा अस्तेयाचा प्रश्न काही मंडळी उपस्थित करतात. निर्जीव धोंड्याच्या बाबतीत तो मला पोकळ वाटतो, आणि मंगळावर जीव असल्यास तो पोकळ राहणार नाही हेही मी मान्य करतो. पण जीव आहे की नाही, हेच तर आधी ठरायचे आहे. पर्सिव्हरन्स ही गाडी फेब्रुवारी 2021 मध्ये जेझेरो विवरात उतरली. 2024 च्या उन्हाळ्यात तिला एका खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले, आणि तिने त्या खडकाचा गाभा नळीत भरून घेतला. त्या ठिपक्यांत लोहाची जी खनिजे आढळली तशी पृथ्वीवर पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या व्यवहारातून घडतात. पण जीवावाचूनही घडू शकतात. जे चिन्ह साध्यासह आढळते आणि साध्याशिवायही आढळते, त्याला तर्कशास्त्रात सव्यभिचार हेतु म्हणतात, आणि त्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून तो गाभा पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आला पाहिजे, असे संशोधक म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

येथे एक अशी गुंतागुंत उद्भवते की तिने एखाद्या वेदान्त्यालाही गंमत वाटावी. मंगळाच्या मातीत जीव सापडला तर तो मंगळाचाच कशावरून, आपल्याच यानाला चिकटून पृथ्वीवरून गेलेला कशावरून नव्हे? या शंकेच्या निरसनासाठी गाडीतल्या 43 नळ्यांपैकी पाच नळ्या केवळ साक्षीदार म्हणून नेमल्या आहेत. त्यांनी खडक भरून घ्यायचा नसतो. शेजारी खोदकाम चालू असता त्या घटकेपुरते उघडे राहून आसपासचे, विशेषतः आपल्याच यंत्रातून सुटणारे, वायू आणि कण टिपायचे आणि पुन्हा मोहोरबंद व्हायचे. काही न करणारा, काही न भोगणारा, नुसता पाहणारा तो साक्षी, अशी व्याख्या आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु पाहणाऱ्याचे स्वतःचे मालिन्य किती, याची नोंद ठेवण्यासाठी वेगळा साक्षी नेमावा ही कल्पना मात्र कोणा आचार्याची नसून अभियंत्यांची आहे, आणि मला ती थोर वाटते.

उलट दिशेचे भयही आहे. 1967 सालच्या अवकाश करारनाम्याच्या नवव्या कलमाने, बाहेरून आणलेल्या द्रव्यामुळे पृथ्वीला अपाय होऊ नये अशी जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. अपोलो-11 च्या तिघांना 21 दिवस अलग कोठडीत ठेवले होते आणि चंद्राची धूळ पांढऱ्या उंदरांना टोचून पाहिली होती. त्या तिघांच्या सह्यांचा जकात खात्याचा एक कागदही आहे: माल म्हणून चंद्राचे दगड आणि धूळ, प्रस्थान चंद्रावरून, आगमन होनोलुलूस, आणि रोग फैलावण्याजोगी काही स्थिती आहे काय या रकान्यात ‘अद्याप ठरावयाचे आहे’ अशा अर्थाचा शेरा. कागद बराचसा थट्टेचा होता, पण तो शेरा मला त्या साऱ्या दप्तरातला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

पण समजा वानगी योग्य जागेची आहे, निर्मळ आहे आणि सुखरूप आली आहे. तरी तिची जबानी घेताना ती खर्ची पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलोच्या मातीतले स्फटिक तपासले ते विश्वकिरणांच्या माराने उमटलेले माग वाचण्यासाठी. हे माग सहजी दिसत नाहीत. स्फटिक घासून गुळगुळीत करावा लागतो, रसायनात बुडवून कोरावा लागतो, तेव्हा कोठे सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या रेषा उमटतात. कोट्यवधी वर्षे जे अभंग राहिले ते वाचण्यासाठीच मोडावे लागते. श्वेतकेतूने वडाचे बीज फोडले आणि आत त्याला काहीच दिसले नाही. पण फोडलेले बीज पुन्हा रुजत नाही, याचा विचार त्या संवादात नाही. प्रयोगशाळेला मात्र तो करावा लागतो.

आणि तो केला गेला, ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वाधिक आदरणीय वाटणारी गोष्ट आहे. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो-17 च्या यूजीन सर्नानने चंद्राच्या जमिनीत हातोडीने एक नळी ठोकली, आमच्या अडत्याने गोणीत खुपसावी तशीच. तिचा खालचा भाग तेथेच निर्वात डब्यात बंद केला गेला, आणि पृथ्वीवर आल्यावर तो कोणीही उघडला नाही. आपल्यापाशी आज आहेत त्याहून सूक्ष्म उपकरणे पुढच्या पिढीपाशी असतील, ही गोष्ट मान्य करून केलेली ती अमानत होती. मार्च 2022 मध्ये, खास बनवलेल्या उपकरणाने भोक पाडून, आतला वायू आधी टिपून घेऊन, मग ती नळी उघडली. सर्नान पाच वर्षांपूर्वी वारला होता. बेन्नूच्या मातीपैकीही निदान 70 टक्के भविष्यासाठी राखून ठेवण्याचे ठरले आहे. आजीच्या गडूकडे मी इतकी वर्षे श्रद्धेची वस्तू म्हणून पाहत होतो. आत काय आहे हे जाणण्याची घाई न करणे हे जिज्ञासेचेही लक्षण असू शकते, हे मला अपोलो-17 च्या त्या नळीने शिकवले.

मंगळावरच्या दहा नळ्या जानेवारी 2023 पासून ‘थ्री फोर्क्स’ या जागी उघड्या जमिनीवर मांडून ठेवल्या आहेत. त्या आणण्याचा खर्च 11 अब्ज डॉलरपर्यंत आणि मुदत 2040 सालापर्यंत जाते असे दिसल्यावर 2024 मध्ये फेरतजवीज सुरू झाली. आपल्याकडे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-4 साठी 2104 कोटी रुपये मंजूर केले असून चंद्राची माती आणणे हाच त्या मोहिमेचा उद्देश आहे. दोन उड्डाणे, कक्षेतली जोडणी, परतीचा मार्ग यांचे आराखडे आपले लोक करतीलच, त्याविषयी मला चिंता नाही. मागणे एवढेच आहे की त्या मातीचा काही हिस्सा मोहोर न फोडता ठेवावा. आणि तो किती, कोणाच्या ताब्यात व किती वर्षे, हे तीन रकाने यान उडण्यापूर्वीच इस्रोच्या धुरीणांनी भरून टाकावेत.