वेगळा पाट

शहादा तालुक्यात, गोमाई नदीच्या काठच्या एका गावात एक मोठं खटलं राहत होतं. खंडोबा त्यांचं कुलदैवत. मार्गशीर्ष लागला की प्रतिपदेला देवघरात घट बसायचे, रोज माळ चढायची आणि सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, घट उठायचे. मणी आणि मल्ल या दैत्यांना मारून देव मोकळा झाला तो हा दिवस. चातुर्मास लागल्यापासून घरात न शिजलेलं वांगं त्या दिवशी पहिल्यांदा जाळावर पडायचं. देवाला नैवेद्य ठरलेला: वांग्याचं भरीत, कणकेचा रोडगा, पातीचा कांदा, लसूण आणि शिजवलेल्या जोंधळ्यांत दही-मीठ कालवून केलेला ठोंबरा.

खटल्याचा कारभार थोरल्या सूनबाईंकडे होता. बाई मनाच्या मोकळ्या, हाताच्या सढळ. फक्त मानपान म्हटलं की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. त्या वर्षी लेकीचं लग्न झालं होतं आणि जावई पहिल्यांदाच चंपाषष्ठीला घरी यायचे होते. सण आठवड्यावर आला आणि लेकीचा पुण्याहून फोन आला.

"आई, एक सांगायचं राहिलं. हे आता दूध, दही, तूप काही घेत नाहीत. मधसुद्धा नाही. व्हीगन झालेत."

"नवस आहे का काही?"

"नवस नाही गं. वासराच्या वाटणीचं दूध आपण का प्यायचं, असं त्यांना वाटतं. तू उगाच धावपळ करू नकोस."

थोरल्या बाई मटकन खाली बसल्या. गोठ्यात चार म्हशी, डबा भरून कणीदार तूप, आणि जावयाच्या पहिल्या सणाला त्यांच्या भातावर तुपाची धार नाही? लोक काय म्हणतील?

धाकटी जाऊ भाजी निवडत होती. ती म्हणाली, "वहिनी, त्यात काय एवढं? भरीत-भाकर तर आहेच."

"भरीत-भाकर काय, सालदारही खातो," थोरल्या बाई म्हणाल्या. "जावयासमोर तेच ठेवू?"

त्याच दिवशी त्यांनी सुरतेच्या भाच्याला यादी पाठवली. बदामाच्या दुधाचे डबे, सोयाबीनचं पनीर, किलोभर काजू. षष्ठीच्या आदल्या दिवशी भाचा गाडीनं नंदुरबारला उतरला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. थोरल्या बाईंनी एक कढई घासूनपुसून बाजूला काढली. तिचा झारा वेगळा, पातेली वेगळी. या भांड्यांना तुपाचा हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली.

षष्ठीच्या पहाटे त्यांनी बदामाच्या दुधाची बासुंदी आटवायला घेतली. तासभर ढवळलं, तरी बदामाच्या दुधाला साय कुठून यायची? दूध घट्ट होण्याऐवजी बुडाला लागलं आणि करपल्याचा वास माजघरभर पसरला. बाईंचे डोळे भरून आले. मग निदान भाजी तरी शाही व्हावी म्हणून त्या काजू वाटायला बसल्या.

घरामागच्या खळ्यात मात्र वेगळीच लगबग होती. आजेसासूबाई बाजेवर बसून हुकूम सोडत होत्या आणि सालदार पऱ्हाट्यांचा जाळ करत होता. गावाच्या कडेच्या भिलाटीतला हा माणूस. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं वर्षभराच्या कामाचं साल ठरायचं. या घरात त्याची बरीच सालं झाली होती. वांगी भाजण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. हिरवी, मोठी, कमी बियांची वांगी त्याने पहाटेच तोडून आणली होती. प्रत्येकाला तेलाचं बोट लावून, टोचे मारून तो ती जाळावर मांडत होता. साल काळी पडून तडकली, देठाशी रस उकळून चुरचुरायला लागला की वांगं उलटायचं. आतून लोण्यासारखं झालं की बाहेर ओढायचं, पाण्यात बोटं बुडवत साल काढायची आणि देठ तेवढा धरून गर लाकडी बडगीत टाकायचा. बडगीत हिरवी मिरची आणि लसूण आधीच ठेचून ठेवलेले. वर मुसळाचे घाव. मग तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात परतून ती फोडणी गरम गरम ओतायची, वरून कोथिंबीर. विस्तवात पुरलेले रोडगे फुटायला आले होते. चुलीशी धाकटी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती. भरताचा वास ओसरीपर्यंत गेला आणि तिथे बसलेल्या जावयांनी दोनदा वळून पाहिलं.

दुपारी नैवेद्य झाला. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून पाच जणांनी तळी उचलली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" घर दणाणलं. देवाच्या कुत्र्याला रोडग्याचा घास पडला आणि पंगत मांडली गेली.

ओसरीवर पाटांची लांब रांग होती. जावयांचा पाट मात्र रांगेत नव्हता. तुपाचा थेंबही उडू नये म्हणून थोरल्या बाईंनी तो समोर भिंतीशी एकटाच मांडला होता. त्याच्याभोवती रांगोळी, पुढे चांदीचं ताट, ताटात काजूच्या रश्श्यातलं सोयाबीनचं पनीर. रांगेत भरीत पडलं, भाकरी पडल्या, तुपाची धार फिरली. जावई एकटे जेवत होते आणि सगळं घर त्यांच्याकडे पाहत होतं. घास तोंडात नेला की पाच जणी विचारायच्या, "आवडलं ना?" ते मान हलवायचे. नजर मात्र समोरच्या पानांकडे जात होती.

शेवटी त्यांनी धाकटीच्या मुलीला हळूच विचारलं, "बेटा, त्या भरितात दही आहे का गं?"

सहा वर्षांची पोर हसायलाच लागली. "भरितात कोणी दही घालतं का?"

"मग मला का नाही वाढलं?"

पोरीला उत्तर सुचेना. तिने इकडेतिकडे पाहिलं. दारातून खळ्याकडचा कोपरा दिसत होता. तिथे गोठ्याच्या भिंतीला टेकून सालदार जर्मनच्या थाळीत जेवत होता. थाळीत भरीत, भाकर, कांदा. तिने विचार करून मोठ्याने विचारलं, "मोठी माय, भाऊजींना तूप चालत नाही म्हणून त्यांचा पाट वेगळा. मग सालदारदादांनाही तूप चालत नाही का?"

पंगतीतले हात थांबले. बाहेर सालदाराने ऐकलं आणि तो हसून म्हणाला, "नाही गं पोरी, मला चालतं तूप."

थोरल्या बाईंच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. इतक्या चंपाषष्ठ्या झाल्या, त्या माणसाने भाजलेल्या वांग्यांवर घर जेवलं आणि त्याच्या थाळीत तुपाचा थेंब कधी पडला नाही. तो तूप खातो की नाही हेही कोणी विचारलं नव्हतं. त्या झटकन उठल्या, तुपाची वाटी उचलली आणि दाराकडे निघाल्या.

आजेसासूबाईंनी हाक मारली, "सूनबाई, वाटी घेऊन कुठे निघालीस?"

"सालदाराला तूप वाढते."

"तूप तिकडे नेऊन काय होणार? त्याचा पाट इकडे आण. आणि जावयांचाही."

धाकटी हलकेच म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा झाला, वहिनी. सुरतेहून पिशव्या मागवल्या, अन् देवाच्या ताटातलं भरीत कोणाला दिसलं नाही."

"वळसा घातला तर घातला," म्हातारी म्हणाली. "तिने मायेनेच घातला. चूक झाली ती पाट वेगळा मांडण्यात. एकाला डोक्यावर घेऊन बाहेर बसवलं, एकाला पायरीखाली ठेवून. जेवताना दोघंही एकटेच ना?"

थोरल्या बाईंनी वाटी खाली ठेवली. आधी जावयांचं चांदीचं ताट उचलून रांगेतल्या केळीच्या पानांमध्ये एक साधं पान मांडलं. मग स्वतः खळ्यात गेल्या. सालदार संकोचून म्हणाला, "राहू द्या माय, मला सवय आहे."

"वांगी तुम्ही भाजली," बाई म्हणाल्या, "आणि ती आत गार होत चाललीत. या."

तो हात धुऊन आला. दोन पानं शेजारीशेजारी मांडली होती. थोरल्या बाई वाढत गेल्या: भरीत, कळण्याची भाकरी, रोडगा, कांद्याची पात, नवापूरच्या तुरीचं वरण. वरणावर सालदाराच्या पानात तुपाची धार पडली, जावयाच्या पानात तेलाची. ठोंबऱ्यासाठी धाकटीने मूठभर शिजवलेले जोंधळे दही घालण्याआधीच बाजूला काढले होते. काजूची भाजीही सगळ्यांच्या पानांत थोडी थोडी वाढली. धाकट्या दिराने ती दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा बाईंचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा खुलला.

जावयांच्या कपाळावर भरतातल्या मिरचीने घाम आला, तरी त्यांनी तिसरी भाकरी मागितली. त्यांनी सालदाराला विचारलं, "वांगं भाजलं हे कसं ओळखायचं?" सालदार म्हणाला, "देठाशी दाबून बघायचं. वरून सगळीच काळी दिसतात." मग दोघांचं वांगी, पऱ्हाट्या आणि जाळ यांवर असं काही बोलणं रंगलं, की पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे परक्याला सांगता आलं नसतं. "आवडलं ना?" असं त्यानंतर कोणी विचारलं नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

तेव्हापासून त्या घरात चंपाषष्ठीला पाटांची एकच रांग लागते. तूप फिरतं, हवं तो घेतो, नको तो पानावर हात आडवा धरतो. भरताला मात्र हात आडवा धरणारा अजून कोणी निघालेला नाही.

बोध: मान देऊन वेगळं बसवा की कमी लेखून, पंगतीबाहेर बसलेला माणूस परकाच राहतो. सणाचं मुख्य पक्वान्न तेच, जे सगळ्यांना एका रांगेत बसून खाता येतं.