पात्रतेचा निर्णय कोणी करावा?

कोणत्याही विहित कर्माचा विचार करताना ते करण्यास अधिकारी कोण, हे आधी निश्चित झाले पाहिजे, असा आपल्या प्राचीन शास्त्रकारांचा आग्रह होता, आणि जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय मुख्यत्वे याच विचाराला वाहिलेला आहे. यज्ञ करू पाहणाऱ्यास फळाची इच्छा असावी, कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य असावे, त्याने वेदाध्ययन केलेले असावे आणि शास्त्राने त्याला निषेध केलेला नसावा, अशा कसोट्या मीमांसकांनी सांगितल्या. या ओघात शूद्राच्या अधिकाराचा प्रश्न निघाला, तेव्हा बादरी नावाच्या आचार्याचे अधिकार सर्वांनाच आहे हे मत सूत्रकाराने प्रांजळपणे नोंदविले आणि मग ते खोडून काढले. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणावरील भाष्यांतही खंडनाची तीच साखळी पुढे येते: उपनयन नाही म्हणून अध्ययन नाही, अध्ययन नाही म्हणून विद्या नाही, आणि विद्या नाही म्हणून अधिकार नाही. उपनयन का नाही, हे मात्र त्या साखळीबाहेरच राहते. ज्या वंचनेचे उत्तर द्यावयाचे, तीच वंचना येथे पुराव्यादाखल रुजू करून घेतली जाते.

हा वाद पोथ्यांबरोबर बासनात गेला असता तर त्याची आठवण काढण्याचे प्रयोजन उरले नसते. परंतु मतदार कोण, उमेदवार कोण, आणि यांपैकी कोणाला कोणत्या कारणास्तव वगळावे, हे ठरविणारा मसुदा जेव्हा जेव्हा संसदेपुढे येतो, तेव्हा तेव्हा हाच अधिकारविचार नव्या पोशाखात सभागृहात येऊन बसतो. आणि त्याची ओळख पटली नाही, तर जुनी साखळी नव्या कलमांत सहज ओवली जाते.

इंग्रजी अमदानीत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या मापाने मोजून दिला जात असे. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे १९१९ साली साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी मताधिकार हे स्वतःच एक शिक्षण आहे, असे प्रतिपादन केले. आणि दहा वर्षांनी, सायमन आयोगाच्या कामी मुंबई प्रांतिक समितीचे सभासद या नात्याने लिहिलेल्या स्वतंत्र अहवालात, साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात, असे त्यांनी दाखवून दिले: निरक्षर माणूस बुद्धिहीनच असतो असे मानणे ही एक, आणि अक्षर ओळखू लागताच शहाणपण आपोआप वाढते असे समजणे ही दुसरी. संविधानाच्या ३२५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात वा लिंग एवढ्याच कारणावरून कोणाचेही नाव यादीबाहेर ठेवण्यास मनाई केली आणि ३२६ व्याने प्रौढ मताधिकार प्रस्थापित केला, तेव्हा ज्या देशात बहुसंख्य लोकांना सही करता येत नव्हती, त्या देशात बादरीचा पूर्वपक्ष सिद्धान्त झाला. हा निष्कर्ष कोणत्याही अनुभवावरून काढलेला नव्हता, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर तसा अनुभव जगात कोणाच्याच गाठी नव्हता. प्रत्येक मनुष्याचे मोल समान आहे, या श्रद्धेचे ते कायदेशीर रूप होते.

श्रद्धा संविधानात लिहिणे वेगळे आणि ती कारकुनाच्या वहीत उतरविणे वेगळे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी घरोघर नोंदी झाल्या, तेव्हा उत्तर भारतातील असंख्य स्त्रियांनी परपुरुषापुढे स्वतःचे नाव उच्चारण्याचे नाकारले. वहीत ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद पडली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. या निर्णयाचा एकतर्फी निषेध करता येत नाही. नागरिक हा कोणाचा तरी नातेवाईक म्हणून नव्हे तर स्वतः म्हणूनच मत देतो, हे तत्त्व सेनांनी राखले, आणि ते राखले नसते तर स्त्रीचे मत तिच्या घरधन्याच्या खात्यावर जमा झाले असते. परंतु रूढीने ज्यांचे नाव हिरावले, त्यांनाच नाव नसल्याबद्दल दंड झाला, हेही तितकेच खरे. तत्त्व शुद्ध असूनही त्याचा भार ज्याने दोष केला त्याच्यावर न पडता ज्याने तो सोसला त्याच्यावर पडू शकतो, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

उमेदवारीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण येथे थोर माणसांनाही मोह पडला आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील चर्चेचा समारोप करताना डॉ. राजेंद्रप्रसादांनी अशी खंत व्यक्त केली, की कायदा राबविणाऱ्यांकडून आपण मोठी योग्यता अपेक्षितो, मात्र कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे कसलीच अट घालीत नाही. आणि त्याच भाषणात नैतिक गुण मोजण्याचे माप शोधणे दुष्कर आहे, हेही त्यांनी मान्य केले. त्यांच्या चिंतेबद्दल आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की जे मोजता येत नाही त्याच्या जागी जे मोजता येते ते ठेवण्याची खोड शासनाला फार लवकर लागते. हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या सर्वसाधारण पुरुष उमेदवारास दहावीची आणि स्त्रिया व अनुसूचित जातींच्या बहुतेक उमेदवारांस आठवीची अट घातली, घरात चालू स्थितीतील शौचालय आणि विजेच्या बिलाची थकबाकी नसणे यांचीही तीत भर टाकली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राजबाला खटल्यात हा कायदा वैध ठरविला; बरेवाईट ओळखण्याची शक्ती शिक्षणानेच येते, अशी त्यामागील विचारसरणी होती. आपल्या महाराष्ट्रातही सरपंचपदासाठी, १९९५ वा त्यानंतर जन्मलेल्यांपुरती का होईना, सातवी उत्तीर्ण असण्याची अट आली. जी शाळा गावात वेळेवर आली नाही, तिचे नसणे हा त्या गावच्या बाईचा अपराध ठरला. अपशूद्राधिकरणाची साखळी याहून काय निराळी होती?

मत द्या पण उभे राहू नका, ही अर्धी पात्रता आपल्या धर्मेतिहासाला अपरिचित नाही. नामस्मरणाचा अधिकार सर्वांना आहे, असे वारकरी संतांनी मुक्तकंठाने सांगितले. परंतु त्याच पंढरीत चोखोबांना विठ्ठलाचे दर्शन महाद्वाराबाहेरूनच घ्यावे लागले, आणि ते दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले. बाहेरून भक्ती करण्यास मोकळीक आणि गाभाऱ्यात मज्जाव, ही समता नव्हती, हे आज कोणी नाकारणार नाही. मग मतपेटीपर्यंत मोकळीक आणि पंचायतीच्या ओसरीवर मज्जाव, हिला समता कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. सर्वच अटी अन्यायाच्या असतील, तर लाचखाऊ आणि गुंड यांनाही दार मोकळे ठेवावे काय? नाही. जी अट माणसाने स्वतः जाणूनबुजून केलेल्या आणि न्यायालयात शाबीत झालेल्या कृत्यावर आधारलेली आहे ती एका जातीची, आणि जी त्याच्या जन्मावर, दारिद्र्यावर वा त्याला न मिळालेल्या संधीवर आधारलेली आहे ती दुसऱ्या जातीची. हा विवेक संसदेने नेहमी पाळला आहे काय, हे २०१३ च्या उदाहरणावरून तपासता येते. कोठडीत असलेल्यास मत देता येत नाही, म्हणून त्याला उमेदवारही होता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी १० जुलै रोजी दिला. आणि संसदेने काही आठवड्यांतच कायदा दुरुस्त करून कोठडीतल्या माणसाची उमेदवारी वाचविली, परंतु त्याच्या मताच्या मनाईला हात लावला नाही. परिणामी, अपराध शाबीत न झालेला, जामिनाची रक्कम उभी करता न आल्यामुळे तुरुंगात खितपत पडलेला कच्चा कैदी निवडणुकीस उभा राहू शकतो, पण मत देऊ शकत नाही. आणि शिक्षा होऊनही जामिनावर सुटलेला मनुष्य रांगेत उभा राहून मत देतो. ज्या हक्काची गरज सभागृहातील लोकांना पडू शकते तो त्वरेने राखला गेला, आणि ज्याची गरज केवळ गरिबाला आहे तो जागच्या जागी राहिला.

स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. परंतु निवडणूक कायद्याच्या बाबतीत संसदेला ते पाळणे अशक्य आहे, कारण प्रचलित यादीवर आणि प्रचलित नियमांवर निवडून आलेलेच ते नियम बदलतात. या अपरिहार्य दोषावर उतारा एकच: सावकाश, उघड आणि कलमवार छाननी. मतदारयादी आधारशी जोडणारे विधेयक २०२१ साली २० डिसेंबरला लोकसभेत मांडले गेले, त्याच दिवशी मंजूर झाले आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही ते संमत केले; ते स्थायी समितीकडे धाडावे, ही विरोधकांची मागणी फेटाळली गेली. पुरेशा कारणास्तव आधार क्रमांक देता न आल्यास नाव काढले जाणार नाही, असे त्या कायद्यात आहे हे खरे; पण कारण पुरेसे आहे की नाही हे सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, हाच तर सगळा प्रश्न आहे. याउलट २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या विधी व न्यायविषयक स्थायी समितीने निरनिराळ्या देशांतील प्रघात तपासून, लोकसभा व विधानसभांसाठी उमेदवारीचे किमान वय २५ वरून १८ वर आणावे, अशी शिफारस केली. अठराव्या वर्षी पुरेसा अनुभव व परिपक्वता नसते, हे निवडणूक आयोगाचे म्हणणे तिने ऐकून घेतले आणि तरीही स्वतःचे मत दिले. तिची शिफारस मान्य होवो वा न होवो, छाननी म्हणतात ती अशी.

परिपक्वता आहे की नाही, हे ठरविण्यासाठी लाखो परीक्षक बसलेले असताना परीक्षेआधीच उमेदवाराला घरी पाठविण्याचे कारण नाही. अपात्र माणूस निवडून येण्याचा धोका खरा आहे, पण त्याला पाच वर्षांनी घालविता येते. जो यादीतच नाही, त्याला आपली दाद कोणत्या पेटीत टाकावी हेच उरत नाही. म्हणून अधिकार हा आरंभबिंदू मानावा, आणि पुराव्याचा भार नेहमी वगळणाऱ्यावर असावा. पूर्वी यादीत असलेल्याचे नाव नोटीस व सुनावणीवाचून आणि सबळ पुराव्यावाचून काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात स्पष्ट केले, तेव्हा त्याने हेच तत्त्व सांगितले होते. ते राखण्याचे काम मात्र एकट्या न्यायालयाचे नाही. प्रारूप यादी प्रसिद्ध होते, तेव्हा आपले नाव सापडले म्हणून समाधानाने परतू नये. शेजारच्या वस्तीतील नावेही वाचावीत, आणि एखादे गळालेले दिसले तर हरकतीची मुदत संपण्यापूर्वी अर्ज भरण्यास त्या माणसाला मदत करावी.