विवाह हें नांव कोणाच्या मालकीचें?

समलिंगी जोडप्यांना विवाहाची मुभा असावी कीं नसावी, या वादांत एक तोडगा वारंवार सुचविला जातो. विवाह हा शब्द धर्मसंस्थांकडे राहूं द्यावा. राज्यानें अशा जोडप्यांच्या सहजीवनाची नोंद करून त्यांना वारसा इत्यादि हक्क द्यावेत. म्हणजे धर्मही दुखावत नाहीं आणि न्यायही होतो. तोडगा दिसण्यांत सोज्ज्वळ आहे. परंतु तो पारखून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये, असें आम्हांस वाटतें.

डेन्मार्कनें १९८९ सालीं अशी नोंदणी जगांत प्रथम सुरू केली. फ्रान्सनें १९९९ सालीं नागरी सहजीवनाचा करार काढला. इंग्लंडांत २००४ सालीं तसाच कायदा झाला. तरीही डेन्मार्कला २०१२ सालीं, तर इतर दोघांना २०१३ सालीं विवाहाचेंच दार उघडावें लागलें. बरेचसे हक्क मिळूनही असमाधान कां राहिलें? पंगतींतलेंच अन्न कोणास ओसरीवर वेगळें वाढलें, तर त्याचें पोट भरतें, पण मान राहत नाहीं. हें आमच्या समाजाला तरी समजावून सांगावयास नको. राज्यानें विवाह हा शब्द सर्वांच्याच बाबतींत टाकून दिला असता, तर गोष्ट निराळी. एकास विवाह व दुसऱ्यास नोंदणी देणारें राज्य पावित्र्याचा निवाडा करूं लागतें, आणि तो त्याचा अधिकार नव्हे.

उलटपक्षीं, धर्मगुरूंवर सक्ती होईल ही भीति अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं. परंतु तिच्यावर उपाय आहे. फ्रान्समध्यें १७९२ पासून कायद्याचा विवाह नागरी अधिकाऱ्यासमोर होतो. चर्चमधील विधीला कायद्यांत किंमत नाहीं. म्हणून २०१३ च्या कायद्यानें तेथील पाद्र्याचें कांहींच गेलें नाहीं. इंग्लंडांत चर्च राज्याशीं जोडलेलें, त्यामुळें कोणाही धर्मोपदेशकास असा विवाह लावण्याची सक्ती होणार नाहीं, अशीं संरक्षक कलमें कायद्यांत घालावीं लागलीं. राज्य आणि धर्म यांची फारकत धर्माचेंही रक्षण करते, तें असें.

आपल्याकडे या फारकतीचा इतिहास बोधप्रद आहे. १८७२ च्या कायद्यानें नोंदणीविवाह करूं इच्छिणाऱ्यास ‘मी हिंदु नाहीं, मुसलमान नाहीं, ख्रिस्ती नाहीं’ अशा अर्थाचें प्रतिज्ञापत्र द्यावें लागे. मनाजोगा जोडीदार हवा, तर स्वधर्म नाकारा, असा तो सौदा होता. १९२३ सालीं हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांची त्यांतून सुटका झाली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें धर्माची अट सर्वांसाठींच काढली. त्या प्रत्येक वेळीं विवाहसंस्था बुडेल असें भाकीत झालें. ती बुडाली नाहीं.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. विवाह हा मूलभूत हक्क नव्हे, याविषयीं पांचही न्यायाधीशांचें एकमत होतें. नागरी सहजीवनाच्या हक्काच्या बाजूनें दोघे होते, विरुद्ध तिघे. हें काम कायदेमंडळाचें, ही भूमिका आम्ही समजूं शकतों. परंतु न्यायालयानें टाळलेलें कर्तव्य कर्तव्य म्हणून संपत नाहीं. तें दुसऱ्याच्या दारीं जातें. तीस वर्षें एका छपराखालीं काढलेल्या दोघांपैकीं एक मृत्युपत्र न करितां वारला, तर दूरचा पुतण्या वारस ठरतो आणि शेजारीं बसलेला परका. हा अन्याय दूर करण्यास कोणत्याही धर्मग्रंथाचें पान फाडावें लागत नाहीं.