रंग ठरवण्याआधी

बसा. रंगाचा डबा अजून उघडू नका. एक श्वास सावकाश आत घ्या, तितक्याच सावकाश सोडा. डोळे मिटा.

मनासमोर १९५० सालचा एक शेवरोले ३१०० पिकअप उभा करा. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड, मागे लाकडी फळ्यांच्या तळाचा हौदा. अमेरिकेतल्या एखाद्या शेतावर त्याने धान्याची पोती वाहिली असतील, कुंपणाचे खांब वाहिले असतील. आज तो तुमच्याकडे आहे आणि त्याला पुन्हा उभं करायचं आहे.

बॉनेट उघडा. समोर बिडाचं लांबट इंजिन आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, २१६ घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. ताकद नव्वद अश्वशक्तीच्या आसपास. त्याच्याकडे नुसतं पाहत राहा. हेड, टॅपेट कव्हर, मॅनिफोल्ड, डायनॅमो यांवरून नजर हळूहळू फिरू द्या.

आता स्वतःला विचारा : याला कोणता रंग?

मनात पहिला रंग कोणता येतो ते पाहा. बऱ्याच जणांच्या मनात नारिंगी येईल. त्याला हाकलू नका, तो कुठून आला एवढंच बघा. १९५५ मध्ये शेवरोलेचं नवं व्ही-८ इंजिन आलं आणि नारिंगी रंग त्याच्या नावाशी जोडला गेला. तुमच्या २१६ चं उत्पादन मात्र १९५३ मध्येच थांबलं होतं. मग कदाचित निळा येईल. तो याच घराण्यातल्या, मोटारींमध्ये बसवलेल्या पुढच्या इंजिनांचा. लाल आला, तर तो बहुधा बघणाऱ्यांच्या कौतुकासाठी येतो. कौतुक हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. ते मान्य करा आणि क्षणभर बाजूला ठेवा.

आता इंजिनालाच विचारा. जिथे ऊन, हात आणि चिंध्या पोचल्या नाहीत अशी जागा शोधा. डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे, ब्लॉकच्या मागच्या अंगाला. तेलाचा आणि धुळीचा कडक झालेला थर हलकेच खरवडा. घाई करू नका. खालचा रंग ब्लेडबरोबर निघून जाऊ शकतो. एखादा दुरुस्तीच्या वेळचा थर आधी लागेल. त्याखाली, थेट बिडावर, करडा रंग दिसेल.

इथे थोडं थांबा.

हा रंग कुणाला दाखवायला दिलेला नव्हता. बिडाला गंज लागू नये म्हणून जुळवलेल्या इंजिनावर त्याचा फवारा मारला जाई. मॅनिफोल्डवर उडालेला रंग इंजिन तापताच जळून जाई. कामाच्या वस्तूला पुरेसं संरक्षण द्यायचं आणि तिला कामाला लावायचं, एवढाच त्यामागचा विचार. त्या विचारात एक सरळपणा आहे. तो मनात उतरू द्या.

आता हात काय करतील ते पाहा. आधी धुणं. तेलाचा एक थेंब राहिला तरी रंग तिथे धरत नाही आणि पापुद्रा सुटतो. मग झाकणं. गॅस्केट बसते ती जागा, स्पार्क प्लगची भोकं यांवर मास्किंग टेप. डिस्ट्रिब्युटरजवळ ठोकलेला इंजिन नंबर रंगाखाली बुजू देऊ नका. तो या यंत्राचा जन्मदाखला आहे. मग उष्णता सोसणाऱ्या एनॅमलचे पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हा रंग टिकणार नाही. त्याच्यासाठी अधिक उष्णता सोसणारं वेगळं लेपन घ्या, किंवा बीड उघडंच राहू द्या.

करड्याच्याही अनेक छटा असतात. नमुना पत्र्याच्या तुकड्यावर लावून उन्हात धरा. ट्यूबलाइटखाली निवडलेली छटा उन्हात निळसर दिसू शकते. जुन्या रंगाला तेलाने आणि उष्णतेने पिवळटपणा आलेला असतो. म्हणून जुळणी करताना सगळ्यात झाकलेला, सगळ्यात स्वच्छ ठिपका प्रमाण माना.

शेवरोलेशी आपलाही संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तिथून शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक रस्त्यावर आले. १९५४ मध्ये तो बंद झाला. त्या काळातला एखादा ट्रक आज कुणाच्या शेडमध्ये सापडला, तर त्याच्यावर रंगांचे थर अधिक असतील आणि खरवडताना धीरही अधिक लागेल.

पुन्हा एकदा श्वास घ्या आणि ठरवा. ट्रक तुमचा आहे. नारिंगी मनापासून हवा असेल तर द्या. पण तो मूळचा आहे असं कुणाला सांगू नका. माझं मत विचाराल तर २१६ ला करडाच शोभतो. त्याने ज्या कामासाठी जन्म घेतला त्या कामाचा तो रंग आहे, आणि त्यावर ताजी तेलगळती लगेच नजरेत येते, हा रोजचा फायदा.

रंग कोणताही द्या, दोन गोष्टी मात्र करा. झाकलेल्या जागी जुन्या रंगाचा एक तुकडा तसाच राखा, आणि त्याचा फोटो ट्रकच्या कागदपत्रांत ठेवा. तुमच्यानंतर हे बॉनेट उघडणाऱ्याला त्याची गरज पडेल.