न पडलेली दरड

पावसाळ्यात कोकण रेल्वेवर निवसरच्या आसपास गाडी रेंगाळली की डब्यातले लोक वैतागतात. खिडकीतून डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या कडेला रेनकोट घातलेला, हातात बॅटरी धरलेला माणूस दिसतो, तो त्यांना निवांत वाटतो. त्याला बघायची असते दरड, आणि बहुतेक रात्री ती पडत नाही. जे घडत नाही ते रात्रभर बघत राहायचं, ही त्याची नोकरी.

ती कशासाठी, हे कोकणाला माहीत आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये महाडच्या बाजूला मत्स्यगंधा एक्सप्रेसला रुळावरच्या दगडांनी गाठलं. कटिंगना जाळ्या लागल्या, उतार कापले गेले, तरी पहाऱ्यावरचा माणूस राहिलाच.

दरडीची एखादी खूण त्याच्या नजरेतून सुटली की आपण लगेच म्हणतो, 'डोळा लागला असेल.' पण डोळे सताड उघडे असूनही सुटते. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना दोन तास एक काटा बघत बसवलं होतं. काटा क्वचित एकदम दोन घरं उडी मारायचा, तेवढी उडी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटू लागल्या. मॅकवर्थला हे कोडं सोडवायचं होतं ते विमानातल्या रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांसाठी, म्हणजे आळशी माणसांसाठी नव्हे. शिवाय शोधायची वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी ती समोर असूनही हुकते, हेही पुढे सिद्ध झालं. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांच्या पडद्यावर म्हणूनच अधूनमधून खोट्या शस्त्राचं चित्र सोडतात.

या हिशेबाने रेल्वेची जुनी पायी गस्त मला फार शहाणी वाटते. पेट्रोलमन चालतो, पायाखालची खडी बदलते, बीटच्या टोकाला पलीकडचा गडी भेटतो, वही बदलायची असते. दोन शब्दही होतात. (तंबाखूही होत असणार!) एकाच कटिंगसमोर उभ्या पहारेकऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. आणि आता जिथे तिथे कॅमेरे लावून बंद खोलीत एका माणसाला डझनभर पडद्यांपुढे बसवतात, त्याला तर पावसाचा आवाजही नाही.

तेव्हा साहेबलोकांनो, त्या खोलीत आणखी एक पडदा वाढवण्याआधी आणखी एक माणूस द्या, आणि दर अर्ध्या तासाने दोघांची पाळी बदला. आहे त्या माणसाला मेमो देऊन त्याची नजर वाढत नाही.